लग्नातली एकशे बासष्ट कडवी

लग्नाला आठ दिवस उरले होते आणि स्कोरवीक गावात दुसरा विषय नव्हता. नवरी कशी दिसेल, नवरा दक्षिणेच्या बेटावरचा, तो आपल्यात कसा रमेल, याची कुणाला पडलेली नव्हती. धक्क्यावर, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, मेंढ्यांच्या कुंपणापाशी एकच प्रश्न होता. नाचाचा म्होरक्या ईसाकुर होणार की ह्यालमार?

फेरो बेटांवर जन्म काढलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. लग्नाचा नाच म्हणजे सगळ्या गावाने हातात हात गुंफून केलेलं कडं. डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, आणि पुन्हा तेच. वाजंत्री नाही की साधी बासरी नाही, जे काही आहे ते म्होरक्याच्या गळ्यात. तो कडवं म्हणतो, पालुपद सगळे मिळून उचलतात, की लगेच पुढचं कडवं. बाकीच्यांनी वाटेल तेव्हा कडं तोडून आत यावं, वाटेल तेव्हा हात सोडून बाहेर पडावं, कुणी विचारत नाही. म्होरक्या तेवढा शेवटचं कडवं संपेपर्यंत जागा सोडत नाही.

चौतीस वर्षं हा मान ईसाकुरचा होता. त्याचं खास कवन समुद्रराजाच्या जावयाचं, एकशे बासष्ट कडव्यांचं. खाडीपलीकडच्या गावात याच कवनाची एकशे वीसच कडवी म्हणतात आणि स्कोरवीकचे लोक त्यांची मनापासून कीव करतात. ईसाकुरच्या बापाने दोन बरगड्या मोडलेल्या असताना हे कवन पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं होतं. ही गोष्ट गावात लहान पोरांनाही तोंडपाठ होती, कारण ईसाकुरने ती कुणाला विसरूच दिली नव्हती. आता लग्न त्याच्या स्वतःच्या लेकीचं, बाइन्ताचं होतं. त्यात ह्यालमारने म्होरक्या होऊन गायचं आणि आपण भिंतीशी खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या, या कल्पनेनेच ईसाकुरच्या अंगाचा तिळपापड होई.

पण मधे गेल्या सप्टेंबरचा तो दिवस होता. ईसाकुर फेरीबोटीवर दोर बांधत होता आणि दोर हातातून गळून पडला. मेंदूत गुठळी अडकली होती. हेलिकॉप्टर आलं, इस्पितळ झालं, आणि देवाची कृपा म्हणायची, नाताळपर्यंत हात परत आला, फेब्रुवारीपर्यंत पाय परत आला. जीभ तर एक दिवसही गेली नव्हती, असं त्याची बायको बिल्ला सांगे, आणि सांगताना सुस्कारा टाके. ईसाकुर पुन्हा पूर्वीसारखा दिसू लागला. तिथेच सगळा घोळ झाला. जो तो म्हणे, "छान दिसतोस की," आणि तो म्हणे, "बरा आहे."

राहिला होता तो थकवा. आणि तो थकवा त्याच्या ओळखीचा नव्हता. तीन दिवस तीन रात्री मासेमारी करून येणारा थकवा त्याला माहीत होता, तो अंगात असतो, जेवून झोपलं की जातो. हा वेगळा. कुणीतरी भिंतीतला प्लग उपसून काढावा तसा हा यायचा, आधी सांगून नाही. बोटीला रंग दिला तर यायचा नाही, आणि दोन बायका एकाच वेळी बोलू लागल्या तर यायचा. बटाटे सोलणं जमायचं, रेडिओ ऐकणं जमायचं, पण रेडिओ ऐकत बटाटे सोलले की तिसऱ्या बटाट्याला हात मांडीवर पडायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने बटाट्यापायी रडावं, हे कुणाला सांगायचं?

दर पंधरा दिवसांनी सुन्वा नावाची बाई यायची, इस्पितळाकडून. तिला सांगावं लागलं, कारण ती विचारून विचारून काढून घ्यायची. तिचा एकच धोशा होता, की थकल्यावर विश्रांती घेऊ नकोस, थकायच्या आधी घे. ईसाकुरने विचारलं, आधी कळणार कसं? ती म्हणाली, "तुला नाही कळणार. घड्याळाला कळेल." मग तिने दिवसाचे तुकडे पाडून दिले, पाऊण तास काम आणि अर्धा तास अंधारात आडवं पडणं. लग्नाचं कवन अर्धंच म्हण, असंही तिने सुचवलं. त्यावर ईसाकुरने तिला बापाच्या बरगड्यांची गोष्ट सांगितली. सुन्वाने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, बरगड्या मेंदूत नसतात.

अंधारात आडवं पडणं कागदावर सोपं होतं. स्कोरवीकमधे दार वाजवून कुणी येत नाही. दार उघडायचं, बूट काढायचे, स्वयंपाकघरात येऊन बसायचं, की कॉफी पुढ्यात येते. लग्नाच्या आठवड्यात तर माणसांची रीघ लागली. एक भेट घेऊन यायचा, दुसरा केक घेऊन, तिसरा नुसताच, ईसाकुर कसा दिसतो ते बघायला. आणि ईसाकुर आत निजलाय म्हटलं, की चेहरा लांब करून आत डोकावायचे आणि कानाशी कुजबुजायचे, "झोप हं तू, आम्ही काही बोलत नाही." दाराला कुलूप लावावं म्हटलं, तर किल्ली ईसाकुरच्या आईबरोबरच मातीत गेलेली. दारावर चिठ्ठी लावावी, तर ती वाचून घरात कुणी गेलं की काय म्हणून आणखी वीसजण आले असते.

ईसाकुरने मग आपली सोय आपण केली. घरामागे चढावर त्याची मटण वाळवायची खोली होती, फटी ठेवून फळ्या ठोकलेली, आरपार वारा खेळणारी. गेल्या हिवाळ्यातल्या चार तंगड्या अजून आत लटकत होत्या. दुसऱ्याच्या वाळवणीच्या खोलीत न विचारता डोकावणं म्हणजे आमच्याकडे त्याच्या ताटात बोट घालण्यासारखं आहे, ते कुणी कधी करत नाही. ईसाकुरने तिथे मेंढीची कातडी अंथरली, एक जुनी रजई ठेवली, कानात लोकरीचे बोळे घातले आणि दिवसातून तीनदा तिथे गुपचूप पडू लागला. उठला की जरा वेळ तंगड्यांसमोर उभा राहून हलक्या आवाजात कवन म्हणून बघायचा, पावलांसकट. पहिल्या दिवशी एकोणतीस कडवी झाली. मग एकेचाळीस. लग्नाच्या आदल्या दिवशी चौपन्न. चौपन्नच्या पुढे तो एकदाही गेला नव्हता, आणि हे त्या चार तंगड्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बिल्लालाही तो सांगे, "मेंढ्या बघून आलो."

लग्नाचा दिवस जुलैचा, सकाळचं धुकं विरल्यावर लख्ख. चर्चमधे बाइन्ताने बापाचा हात इतका घट्ट धरला, की कोण कुणाला घेऊन चाललंय ते कळेना. नवरा याकुप जाडजूड, लाजाळू, होकार देताना त्याचा आवाज फुटला आणि बायकांना तो एकदम आवडला. मग गावच्या सभागृहात जेवण. दोनशे माणसं, सूप, मटण, भाषणं, भाषणांमधे गाणी, गाण्यांमधे हसणं. ईसाकुरने आपलं भाषण चार वाक्यांत उरकलं. लोकांना वाटलं गहिवरला. तो गहिवरला होताच, पण त्याशिवाय समोरचे दोनशे चमचे त्याच्या डोक्यात वाजत होते.

साडेतीनला टेबलं उचलायला सुरुवात झाली. नाच सहाला होता. ठरल्याप्रमाणे ईसाकुरने मागच्या लहान खोलीत पडायचं होतं. तो गेला, तर तिथे चर्चमधल्या गाणाऱ्या बायका बुटातून पाय काढून बसल्या होत्या आणि सातहीजणी एकदम बोलत होत्या. त्याने दार हळूच लावून घेतलं, मागच्या वाटेने बाहेर पडला आणि चढ चढून आपल्या तंगड्यांपाशी गेला. घड्याळात सव्वापाचचा गजर लावला, कानात लोकर कोंबली आणि पडल्या पडल्या झोपी गेला.

इकडे पाऊण तासाने बिल्ला त्याला बघायला लहान खोलीत गेली. सात बायका होत्या, नवरा नव्हता. घरी गेली, नव्हता. धक्क्यावर गेली, तर त्यांची निळी होडी जागेवर नव्हती.

होडी नेली होती बिल्लाच्या भावाने, पोलने. याकुपची आजी खाडीपलीकडे लेकीकडे येऊन अडकली होती, कारण समुद्राखालच्या बोगद्यातून मी जिवंतपणी जाणार नाही, असं तिने ठणकावून सांगितलं होतं. सकाळच्या धुक्यात तिला चर्चला आणता आलं नाही, म्हणून पोल नाचासाठी तरी तिला होडीतून आणायला गेला. नवऱ्या मुलाला चकित करायचं म्हणून कुणाला न सांगता, आणि फोन खुर्चीवरच्या कोटात विसरून.

माणूस नाही आणि होडी नाही. दुसऱ्या कुठल्या गावात लोक आधी घरामागे बघतील, शेजारी विचारतील. स्कोरवीकमधे माणूस आणि होडी एकदम दिसेनाशी झाली, की आधी समुद्र. प्रत्येक घरात कधी ना कधी कुणीतरी असं गेलेलं आहे. बिल्ला धक्क्यावर उभी राहून फक्त "ईसाकुर" म्हणाली आणि पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. चांदीची बटणं लावलेले, बकलांचे बूट घातलेले पुरुष धावत सुटले. दहा मिनिटांत अकरा होड्या पाण्यात होत्या. केक कापायची सुरी हातात तशीच धरून आचारी होडीत चढला. ह्यालमार सगळ्यात पुढे वल्ही मारत होता, कंबरेपर्यंत भिजलेला, कारण तो होडी लोटताना चढायचं विसरला होता. याकुपने पोशाखासकट वल्हं घेतलं. आणि बाइन्ताला कुणी अडवायच्या आत ती कुणाचातरी पिवळा रेनकोट अंगात चढवून होडीच्या पुढच्या टोकावर जाऊन बसली होती. गावात उरल्या म्हाताऱ्या, तान्ही मुलं आणि एकशे नव्वद खुर्च्या. मटणाच्या खोलीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, ती दुसऱ्याची खोली होती ना, आणि तो तिथे निजतो हे बिल्लालाही ठाऊक नव्हतं.

सव्वापाचला ईसाकुर उठला. इतकी छान झोप त्याला महिनाभरात लागली नव्हती. डोकं हलकं, पाय हलके. आज साठ होतील, सत्तरही होतील, त्याला अगदी वाटून गेलं. तो शीळ घालत चढ उतरला आणि सभागृहात शिरला, तर आत चिटपाखरू नाही. एका कोपऱ्यात तेवढी त्याची आत्या एल्स्पा बसली होती, नव्वदीची, निम्मी बहिरी. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "आलास का? सगळे तुला शोधायला समुद्रावर गेलेत."

तो धक्क्यावर पोचला तेव्हा होड्या परत येत होत्या. सगळ्यात पुढे त्याचीच निळी होडी, तिच्यात पोल आणि काळ्या शालीतली एक म्हातारी राणीसारखी ताठ बसलेली. आपल्या स्वागताला अकरा होड्या आल्या याचं तिला फारच कौतुक वाटलं होतं. मागच्या होड्यांतली माणसं हळूहळू वल्हवत होती. निळी होडी सापडली तेव्हा तिच्यात ईसाकुर नाही हे त्यांना दिसलं होतं, पोलला काही माहीत नव्हतं, आणि मग पुन्हा अर्धा तास ते खडकाखडकांतून वल्हवत फिरले होते. आता धक्क्यावर उभा असलेला माणूस त्यांनी बघितला. कुणीतरी वल्हं सोडलं, ते पाण्यात पडलं.

पुढे काय होणार हे ईसाकुरला कळत होतं आणि पळून जायला जागा नव्हती. बाइन्ता उतरली. रेनकोटाखाली लग्नाच्या पोशाखाचा घोळ गुडघ्यापर्यंत ओला होता. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुठे होतास?"

"वाळवणीच्या खोलीत. झोपलो होतो."

"तिथे?"

"रोज तिथेच पडतो, दिवसातून तीनदा."

"बाबा, एका माणसाला सांगितलं असतंस."

"एकाला सांगितलं असतं, तर मी खरंच झोपलोय का ते बघायला चौघं आली असती."

मागे कुणीतरी हसलं. बाइन्ता हसली नाही. ती म्हणाली, "मी पाण्यात बघत होते. होडीच्या बाजूने वाकून खाली बघत होते. कळतंय तुला, मी काय शोधत होते?"

ईसाकुरला कळत होतं. त्याच्या आजोबांना असंच शोधलं होतं आणि तो त्या होडीत होता. दहा महिने बरा आहे, बरा आहे म्हणत तो ज्या लेकीपासून आपला थकवा लपवत आला, तिला त्याने तिच्या लग्नाच्या दिवशी तिथे नेऊन पोचवलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की मटणाच्या खोलीत परत जाऊन दार लावून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात ह्यालमार पाणी निथळत जवळ आला. त्याचे दात वाजत होते. "लेका, रडारड मागनं कर," तो म्हणाला, "आधी नाच सुरू कर, नाहीतर आम्ही सगळे गारठून मरू."

मग काय विचारता. स्कोरवीकमधे असा नाच पूर्वी झाला नसेल. ओल्या बुटांनी, फाटक्या बाह्यांनी, हाताला वल्ह्याचे फोड घेऊन माणसं एकमेकांचे हात धरू लागली. एक कडं झालं, त्यात दुसरं गुंडाळलं गेलं, तिसरं भिंतीला टेकत वळत गेलं. कुणाच्याच जिवाचं बरंवाईट झालं नाही या आनंदाने सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. बोगद्याला भिणारी आजी कुणी न बोलावता कड्यात घुसली आणि तिने ह्यालमारचाच हात पकडला. ईसाकुर बाइन्ता आणि याकुपच्या मधे उभा राहिला, त्याने पाय आपटला आणि पहिलं कडवं उचललं.

आवाज लागला. पहिल्या पालुपदाला दोनशे गळ्यांचा असा काही कल्लोळ झाला, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दहावं कडवं, विसावं. जावई समुद्रराजाच्या दारी पोचला, लोकांनी जमिनीवर असे पाय आपटले जणू दार तेच ठोठावत होते. तिसावं. लेकीचा हात त्याच्या हातात गरम होत चालला होता. चाळीसाव्याला राजाने पहिली अट घातली आणि आचाऱ्याने मधेच आरोळी ठोकली. बावन्न. चौपन्न. ईसाकुरने डोळे मिटून पंचावन्नावं म्हटलं आणि ते झालं. जगात कुणाला कळलं नाही, की आत्ता इथे एक विक्रम मोडला. त्याला आनंदाने उडी मारावीशी वाटली. छप्पन्न झालं, सत्तावन्न झालं.

अठ्ठावन्नाव्याला दिवे जास्तच पांढरे दिसू लागले. पालुपद डब्यातून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. एकोणसाठावं कडवं त्याला येत होतं, चौतीस वर्षं येत होतं, पण ते आत कुठेतरी पडलं होतं आणि शोधावं लागणार होतं. ही खूण त्याला आता ओळखता यायची. दात आवळून आणखी सहा-सात कडवी ओढता आली असती. मग तो इथेच, लेकीच्या पायांशी कोसळला असता आणि लोकांनी पुढची पन्नास वर्षं ते सांगितलं असतं, बरगड्यांच्या गोष्टीनंतर.

पालुपद चालू होतं. ईसाकुर लेकीकडे वळला आणि म्हणाला, "बाइन्ता, मी दमलो."

आवाजात तिला ऐकू गेलं नसावं. तिने कान पुढे केला. तो मोठ्याने म्हणाला, "दमलो मी. खूप दमलो."

हा शब्द त्याने दहा महिन्यांत घरात उच्चारला नव्हता. आता तो म्होरक्याच्या गळ्याने उच्चारला गेला आणि कड्यातल्या निम्म्या लोकांनी ऐकला. काही कोसळलं नाही. पावलं चालू राहिली. बाइन्ताने त्याचा हात एकदा दाबला, इतकंच. ईसाकुरने मान वर करून समोर हाक दिली, "ह्यालमार, एकोणसाठ तू घे. दीडशेला मी येतो."

चौतीस वर्षं या क्षणाची वाट बघणारा ह्यालमार गोंधळला. "नक्की?" त्याने विचारलं.

"विचारत बसू नकोस, पालुपद संपतंय."

ह्यालमारने एकोणसाठावं उचललं, थोडं वरच्या पट्टीत, पण उचललं. ईसाकुरने दोन्ही हात सोडले. याकुप आणि बाइन्ताने आपले हात एकमेकांत घातले आणि कडं बंद झालं. तो भिंतीकडेने चालत कोटांच्या खोलीत गेला. बिल्ला पाठोपाठ आली. तिने बाकावर सात-आठ कोट अंथरले, एक उशाला दिला. "दीडशेला उठव," तो म्हणाला. "उठवते," बिल्ला म्हणाली आणि दिवा मालवून दारापाशी खुर्ची घेऊन बसली.

त्याने कान मोकळेच ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा तो हा नाच बाहेरून ऐकत होता. आत असताना फक्त पुढचं कडवं दिसतं. इथे फळ्यांमधून, बाकाच्या पायांमधून, पाठीच्या कण्यामधून चारशे पावलं येत होती, दोन डावीकडे, एक उजवीकडे. असं असतं होय हे, त्याच्या मनात आलं. इतकी वर्षं आपण हे करत होतो आणि कधी ऐकलं नाही. ह्यालमारने सत्तरावं कडवं एकदम झकास म्हटलं. ईसाकुरला हेवा वाटायचा होता, पण त्याआधी झोप लागली.

जाग आली ती गाणं ऐकू येईना म्हणून. पावलं चालू होती, तशीच, एका ठेक्यात. शब्द मात्र नव्हता. ना कडवं, ना पालुपद. अडला ह्यालमार, कडवं विसरला आणि लेकीच्या लग्नात कवन मोडलं. तो धडपडत उठला, एका पायात बूट, दुसरा सापडेना. दारात बिल्ला बसली होती.

"ह्यालमार अडला का?"

"नाही."

"मग गात का नाहीत?"

"दीडशे आलं," बिल्ला म्हणाली.

"केव्हा?"

"झाली वीस मिनिटं."

"अगं मग उठवायचंस ना मला."

"उठवायलाच येत होते. बाइन्ताने आतूनच मान हलवली. म्हणाली, झोपू दे, आम्ही थांबतो."

ईसाकुरने दार लोटलं. दोनशे माणसं होती, एकही कमी झालं नव्हतं. दुपारभर खडकांतून वल्ही मारलेली माणसं, ओल्या बुटांत पाय सुजलेली, एकमेकांच्या खांद्यांवर जवळजवळ झोपलेली. आजीला ह्यालमारने एका बाजूने जवळपास उचललंच होतं. नवरीच्या केसांतल्या पिना निघाल्या होत्या. आणि सगळे न बोलता पावलं टाकत होते, डावीकडे दोन, उजवीकडे एक. दाराकडे कुणी बघत नव्हतं. मुद्दाम बघत नव्हते, हे त्याच्या लक्षात आलं, म्हणजे त्याला घाई वाटू नये.

तो दाराला धरून उभा राहिला.

"सावकाश जा," बिल्ला मागून म्हणाली, "कुणाला घाई नाही."

तो एका पायात बूट घालून आत गेला. समोर जे कोण होते त्यांनी आपले हात सोडवून त्याच्यापुढे केले, एक दुकानदारीण आणि एक नवऱ्याकडचा, ज्याचं नावही त्याला माहीत नव्हतं. दोघांचे हात गार होते. दूरवरून बाइन्ताने त्याला बघितलं आणि खाली आपल्या पायांकडे बघत राहिली, ती रडत होती की हसत होती ते तिथून कळेना. ईसाकुरने दोन फेऱ्या नुसती पावलं टाकली, श्वास जुळवून घेतला आणि दीडशेवं कडवं म्हणायला सुरुवात केली.